नावानं मारलेली हाक

नक्कल करताना माझी एक चूक झाली. तात्याबा आपल्या बायकोला उभ्या जन्मात कधी नावानं हाक मारत नसे, आणि मी ‘भागे’ म्हणालो.

तात्याबा मरून तेव्हा अठरा दिवस झाले होते.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तशा माझ्या फजित्या सांगण्यावरच माझं पोट — पोट नाही, पण चहा तरी — चालत आला आहे. संगमनेरच्या बाजारातून दुसऱ्याचाच बैल आपला म्हणून सोडून घरी आणला, तेही सांगून झालंय. स्वतःच्या लग्नात सासऱ्याची नक्कल केली आणि वळून बघतो तो सासरा मागं उभा, तेही. ही गोष्ट मात्र बायकोलासुद्धा नाही. मारुतीपुढं नाही. त्याला ठाऊक असेल तर असेल, मी होऊन नाही सांगितली. तुम्हांला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ नको तिथं चालते आणि हवी तिथं टाळूला चिकटते — पुढं कळेलच.

आधी गेलेली माणसं सांगतो. ही टाळाटाळ आहे, मला कळतंय. पण त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि गावात लिहिता येणारी आम्ही चार टाळकी.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, साखर दिसत नव्हती, आणि त्या पौषात आमच्या गावात उंदीर पडायला लागले. घराघरांत, धान्याच्या बळदात, देवळाच्या पायरीवर. चार दिवसांनी माणसांना गाठी आल्या. मग गाव बाहेर पडलं. माळावर कडब्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या, वेशीत बाभळीचे फांदे टाकून वाट बंद केली, आणि पाटलांनी सांगितलं — आत कुणी पाऊल टाकायचं नाही, मेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण जाळून टाकायचं. गाव समोर दिसत होतं, अर्ध्या हाकेवर. धूर नाही, कुत्रं नाही.

त्या दोन महिन्यांत अकरा माणसं गेली.

राणू शिंपी गेला. तो माप टेपनं घेत नसे. ‘उभा ऱ्हा,’ म्हणायचा, एक डोळा मिटायचा, ‘झालं, जा.’ एक बाही हमखास आखूड. सगळ्या गावाचं उजवं मनगट उघडं असायचं. गेनू कोतवाल गेला. दवंडी द्यायला निघाला की ‘ऐका हो ऐका’ दणक्यात म्हणायचा आणि पुढचं विसरायचा; मग समोरच्यालाच हळू विचारायचा, ‘काय बरं सांगायचं हुतं?’ यमुना सुईण गेली. अर्धं गाव तिच्या हातावर आलेलं. पाटील रागावले तर त्यांनाही म्हणायची, ‘मी तुला पयला बघितलाय, कापडाबिगर. मला मोठेपना सांगू नगं.’

या सगळ्यांचे आवाज मला येत होते. हीच माझी विद्या. दुसरं काही धड येत नाही — नांगर वाकडा जातो, हिशोब चुकतो — पण माणूस दोनदा ऐकला की तो माझ्या घशात राहायला येतो.

आणि तात्याबा. तो सगळ्यांत आधी गेला, गाव बाहेर पडायच्या आधी, आपल्या घरात. उंच, वाळका, अबोल. त्याला बारा महिने थंडी वाजायची. चैत्रात माणसं उघडी बसायची आणि हा खांद्यावर घोंगडं टाकून. अकोल्याच्या बाजूच्या धनगराकडून विणून आणलेलं, काळं, जड. भागूकाकीशी चाळीस वर्षं संसार केला तो दोन शब्दांवर. हा म्हणायचा, ‘अगं ए.’ ती म्हणायची, ‘आले.’ हाकेत पुढं काही असलंच तर घोंगडं असायचं — ‘अगं ए, घोंगडं दे.’ त्यांचा मुलगा निवृत्ती माझा लहानपणापासूनचा दोस्त. बापाची नक्कल मला त्यानंच करायला लावली. बांधावर बसून मी घसा खाकरून ‘अगं ए’ म्हणायचो आणि निवृत्ती पोट धरून लोळायचा. तात्याबानं एकदा ऐकलं. घोंगडं सारखं करून निघून गेला.

आता येतो त्या दुपारी.

माळावर करायला काही नसतं, हे तुम्हांला सांगून कळणार नाही. माणूस मरतंय का, याची वाट बघायची आणि जेवायचं. त्या दिवशी सकाळी कुणीतरी म्हणालं, ‘तात्याबाचा आवाज काय आता ऐकाया मिळत न्हाई बाबा.’ साधं बोलणं. पण माझ्या मनात आलं — का नाही मिळणार? माझ्याकडं आहे की. दिवस कलायला लागला तसा मी उभ्या जोंधळ्यात शिरलो. का शिरलो? अजून येतो का ते बघायला. कंटाळा आला होता म्हणून. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं — दुःखी बाईला चार घटका बरं वाटावं वगैरे — पण ते मागाहून शिवलेलं ठिगळ आहे. मला कंटाळा आला होता, आणि माझ्या गळ्याचा मला गर्व होता.

भागूकाकी बांधाच्या पलीकडं काटक्या वेचत होती. पाठमोरी, वाकलेली. मी तोंडाशी हात धरला, तात्याबासारखा खाकरलो आणि हाक दिली —

‘भागे, घोंगडं आण गं. लई गारठलोय.’

‘भागे’ कुठून आलं? ‘अगं ए’ तोंडावर बसलेलं होतं, हजारदा म्हटलेलं. कदाचित नुसत्या ‘अगं ए’नं ती वळणार नाही असं वाटलं असेल. नकलेत माणूस थोडं जास्तीचं घालतो, त्यातलं हे. ती सरळ झाली. काटक्या खाली पडल्या. आणि म्हणाली — ओरडली नाही, घाबरली नाही, चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणावं तसं —

‘आले.’

आणि चालायला लागली. वेशीकडं.

मी जोंधळ्यात बसून हसू येऊ नये म्हणून धाट दातांत धरलं होतं. ते तसंच धरून मी बघत राहिलो. तिनं बाभळीचा एक फांदा बाजूला ओढला. मी उठून पळत गेलो असतो तर तिला फांद्यापाशी गाठलं असतं. माझं तेव्हा वय सव्वीस, पाय धडधाकट. पण मग सांगावं लागलं असतं ना — मी होतो म्हणून. ती रांगड्या तोंडाची बाई, साऱ्या माळाला ऐकवलं असतं तिनं. मी म्हटलं, जाईल आणि रिकामी येईल. घोंगडं तर जाळलंय.

जाळलं नव्हतं. वाकळ जाळली होती, घोंगडं तिनं घरात कपड्यांच्या वळणीवरच ठेवलं होतं. दिवस मावळायच्या आधी ती ते खांद्यावर घेऊन माळावर आली. माणसं गोळा झाली. पाटील पुढं झाले — ‘भागूबाई, ते हितंच टाक. पेटवून देऊ.’ काडेपेटी त्यांच्या हातात होती. मला ती काडेपेटी अजून दिसते.

काकी म्हणाली, ‘त्यांनी मागितलंय. नाव घिऊन मागितलंय. चाळीस वरसांत घेतलं न्हाई ते आज घेतलं. उद्या सकाळी नदीवर, त्यांना जाळलं त्या जाग्याला नेऊन हातरते.’

तिचा चेहरा — मी नक्कल करणारा माणूस आहे, चेहरे मला बघावे लागतात. तो चेहरा नव्या नवरीचा होता.

पाटील थबकले. मेलेल्या माणसानं मागितलेली वस्तू जाळायची कुणी? बायकांनी हात जोडले. निवृत्तीची बायको हौसा म्हणाली, झोपडीत तिलाही लांबून हाक आली होती, मामंजींचीच. खोटं असतं तर ‘अगं ए’ म्हणाला असता, असं एक म्हातारा म्हणाला. नाव घेतलं म्हणजे खराच तो, मेल्यावर लाज कशाची. माझी चूकच पुरावा झाली. मग निवृत्ती माझ्याकडं वळला. रडून डोळे सुजलेले. म्हणाला, ‘तू बी तिकडंच हुतास न्हवं? तुला आली का रं हाक ऐकू?’

काय सांगायचं होतं? ‘मी होतो’ — दोन शब्द. पाटलांच्या हातात काडी होती. माझ्या थोबाडीत बसली असती, फार तर चार महिने कुणी बोललं नसतं, आणि घोंगडं जळून गेलं असतं.

मी म्हणालो, ‘आली की. हुबेहूब तात्या.’

हुबेहूब. माझ्याच नकलेला मीच शाबासकी दिली.

त्या रात्री गारठा फार होता. काकीनं घोंगडं स्वतःवर घेतलं आणि अर्धं लेकावर टाकलं. हौसा लहान पोरीला घेऊन चुलीपाशी निजली होती. सकाळी काकीनं ते नदीवर नेऊन अंथरलं, सांगितल्याप्रमाणे. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला, जांघेत गाठ आली. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी निवृत्ती. पिसवा असतात असल्या घोंगड्यात, आजार त्या नेतात, असं टोचायला आलेल्या डॉक्टरनं पुढं सांगितलं. पिसवांचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पाटील जाळा म्हणत होते, हे ठाऊक होतं. तेवढं पुरे होतं. निवृत्ती तापात मला हाका मारत होता असं कळलं. मी झोपडीच्या दहा पावलांवर उभा राहिलो, आत गेलो नाही. गाठीला भ्यालो — का त्याला, कुणास ठाऊक.

इथं थांबलो असतो तर एक वेळ. पण मी गोष्टी सांगणारा. गाव घरी परतलं, आणि बाहेरगावचा पाहुणा आला की माणसं मला म्हणायची, ती तात्याबाच्या हाकेची गोष्ट सांग. मी सांगायचो. एकदा त्यात जोंधळा आपोआप हलला. एकदा घोंगडं वळणीवरून खाली आलं. पाहुणे अंग चोरून बसायचे, आणि मला चहा मिळायचा. तो मी प्यायलो. प्रत्येक वेळी.

गेलेल्यांचं वर्ष झालं तेव्हा पाटलांनी साऱ्यांचं मिळून जेवण घातलं. दुपारी पंगती उठल्यावर माणसं पारावर बसली. मग राणू शिंप्याचा भाऊ म्हणाला, ‘आमच्या राणूला बोलीव की जरा.’ मी एक डोळा मिटून म्हणालो, ‘उभा ऱ्हा. झालं, जा.’ माणसं हसली आणि त्याच हसण्यात रडली. मग गेनू मागितला. यमुना मागितली. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता. अकरा माणसं मेली नसती तर मिळाला असता का, हा विचार तेव्हा आला नाही. घरी जाऊन आला.

कुणीतरी म्हणालं, ‘तात्याबा!’

नाही म्हणता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं. मी पाठ फिरवली, तोंडाशी हात धरला, खाकरलो. निदान ‘अगं ए’ म्हणायचं. पण गळ्याला जी वाट सापडली तीच निघाली —

‘भागे, घोंगडं आण गं. लई गारठलोय.’

पारावर माणसांनी हात जोडले. बायकांमध्ये हौसा बसली होती, पोरगी मांडीवर. त्या दुपारी माळावरच्या झोपडीत तीही होती, तिनंही ती हाक ऐकली होती आणि बाकीच्यांसारखीच सासऱ्याची मानली होती. ती उठली, पोरीला कडेवर घेतलं आणि गेली. माणसं म्हणाली, भरून आलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारावरून गेलो. कशाला गेलो ते विचारू नका. बघायला गेलो, तिला किती कळलंय ते. ती गवऱ्या थापत होती. मी म्हणालो, ‘वयनी, काल लगीच उठलात. पोरीला बरं न्हवतं का?’

तिनं मान वर केली नाही. एक गवरी थापली, दुसरी थापली. शेणाचे हात तसेच गुडघ्यावर ठेवून म्हणाली,

‘समद्या गावाचा आवाज काढता, भावजी. त्या सांजंला तुमचा सोताचा तेवढा फुटला न्हाई, व्हय?’