सोललेल्या कोळंबीचा पाठ

उमा आमच्या शेजारी सहा वर्षे राहिली, पण ती मला नीट माहीत होती असे म्हणवत नाही. मी फारसा बोलत नाही. तरी तिची एक सकाळ मी स्वतः पाहिली, तेवढीच लिहितो.

२००४ साली ती हेंद्रेपाड्यातल्या एका शाळेत शिक्षणसेवक होती. तीन वर्षे भरत आली होती. संस्थेचे सचिव तिचा पाठ बघून तिला कायम करायचे की नाही ते ठरवणार होते. पाठ होता कीटक आणि समुद्रातला प्राणी यांच्या तुलनेचा. नाकतोडा तिच्यासाठी मी इमारतीमागच्या गवतात पकडून बरणीत ठेवला होता. कोळंबी तिने आदल्या दिवशी आणून फ्रिजमध्ये ठेवलेली.

सकाळी बरणी द्यायला गेलो, तर तिच्या सासूबाई, भिमाबाई, हात पुसत उभ्या.

"सगळी साफ करून हळद-मीठ लावलं. तशीच नेणार होतीस? साहेब म्हणेल, हिच्या घरात कोळंबी सोलायला कोण नाही."

उमाचा चेहरा उतरला. "आई, साली कुठे टाकल्या?"

"कचऱ्याच्या डब्यात. का, त्यांचं पण कालवण करू?"

मला वाटले, संपले. बाजार उघडायला अवकाश होता. उमाने मात्र डबा पालथा केला, डोकी, साली, पाय धुऊन ताटात मांडले आणि निघाली. बरणी धरून मी मागे.

मी वर्गाच्या दाराबाहेर थांबलो. तिने बाकाबाकावर रिकाम्या साली ठेवल्या.

"बोट घालून बघा. आत हाड आहे?"

"नाही बाई!"

"सांगाडा अंगाबाहेरच असतो. नाकतोड्याचंही तसंच."

मग तिने नाकतोड्याचे सहा पाय मोजून घेतले, कोळंबीच्या मिशांच्या दोन जोड्या दाखवल्या. ही कल्ल्यांनी श्वास घेते, तो पोटाच्या बाजूच्या भोकांनी.

रविना नावाची मुलगी उठली. "बाई, मग वाढताना साल घट्ट नाही होत?"

"होते ना! मग ती टाकून दोघंही बाहेर येतात."

मागच्या बाकावर सचिवही सालीत बोट घालून बसले होते. उमा माझी कोणी नसताना माझी छाती फुगली.

उमा कायम झाली. भिमाबाई सगळ्यांना सांगायच्या, "मी सोलली म्हणून पास झाली." उमा हसायची, खोडून काढायची नाही.

नोकरी पक्की झाली म्हणूनच पुढे त्यांनी अंबरनाथला घर घेतले. टेम्पो भरला तेव्हा मला पुष्कळ बोलायचे होते.

"काका," उमा म्हणाली, "गॅसवाला आला तर आमचा सिलिंडर घेऊ नका. पत्ता बदललाय."

"बरं," मी म्हणालो.