त्रेसष्ट अंशांचं कच्चं दूध

डेअरीत त्यांना सगळे थर्मामीटर म्हणत. कामगारांनी ठेवलेलं हे नाव साहेबांच्याही तोंडी बसलं आणि पुढे पुढे तर पाहुणेसुद्धा दारातून "थर्मामीटर आहेत का घरात?" असं विचारू लागले. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं: दूध तापवायच्या टाकीपाशी उभं राहून पारा पाहायचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यांचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी हे पाणीसुद्धा उकळल्याशिवाय पीत नसत. बायको होती तोवर चिडवायची, "ह्यांच्या हाती दिलं तर काकडीसुद्धा उकडून खातील."

आणि अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने शिजवलेलं अन्न सोडलं. आता याला काय म्हणावं?

जावयाला कंपनीने काही महिन्यांसाठी लांब पाठवलं, मुलीला दिवस गेलेले, म्हणून ती वडिलांकडे राहायला आली. येताना फळांची पेटी, भाज्यांच्या पिशव्या आणि भिजवायचे बदाम घेऊन आली. गॅसवर चढलेलं काहीही खायचं नाही, असा तिचा नेम होता. पहिल्या दिवशी थर्मामीटर हसले. दुसऱ्या दिवशी स्वतःपुरती डाळ शिजवताना त्यांना उगाचच चोरासारखं वाटलं.

पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. त्यानंतर ती कितीतरी महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग कोणीतरी तिला या कच्च्या खाण्याच्या मंडळींत नेलं आणि ती हळूहळू उठली, चालू लागली, आरशात पाहू लागली. आता हे दुसरं बाळ येत होतं. डॉक्टर काहीही म्हणोत, तिच्या लेखी ते गाजर-काकडीनेच दिलं होतं. ज्या गोष्टीने लेक पुन्हा हसू लागली तिला नावं ठेवायची बापाची छाती नव्हती.

तरी एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, मला कच्चं दूध हवंय," तेव्हा त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला.

"तुमच्या खाण्यात दूध बसतं?" त्यांनी विचारलं.

"त्यावरून आमच्यात दोन तट आहेत. काही म्हणतात, दूध वासराचं, त्याला शिवूच नये. काही म्हणतात, न तापवलेलं असेल तर चालतं. मला बाळासाठी हवंय."

"मग तू पहिल्या तटात जा ना! अगं, गाजर धुता येतं. दूध कसं धुणार?"

"तुम्ही आणणार नसाल तर मी आणते," ती म्हणाली. हट्टाच्या बाबतीत लेक आईवर गेली होती.

गल्लीच्या टोकाला गोठा होता. गोठेवाला भला माणूस, धार काढण्याआधी हात स्वच्छ धुवायचा. पण गाईच्या अंगातलं दुखणं गोठेवाल्याने हात धुतल्याने जात नाही, हे थर्मामीटरना पक्कं ठाऊक होतं. नाही म्हणावं तर ती स्वतः जाऊन आणणार. हो म्हणावं तर पोटातल्या जिवाशी खेळ. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

मग त्यांनी तोडगा काढला. लेक उठायच्या आत दूध आणायचं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात दुधाचं भांडं, मंद आच. दूध उकळू द्यायचं नाही. त्रेसष्ट अंशांवर नेऊन अर्धा तास तिथेच धरायचं, ढवळत राहायचं आणि लगेच थंड पाण्यात बुडवायचं. ना जाड साय, ना उकळल्याचा वास. रोगजंतू गेलेले आणि जिभेला पत्ता नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं. इथे मांजराने डोळे मिटून दूध पाजायला सुरुवात केली.

"बघा बाबा, उकळलेल्या दुधाला ही गोडी येईल का?" पेला रिकामा करून ती विचारायची.

"छे, नाव नको," ते म्हणायचे आणि खिडकीबाहेर पाहायचे. खोटं बोलल्याचं त्यांना वाईट वाटे, पण तिच्या ओठांवरची दुधाची मिशी पाहिली की ते वाईट वाटणं पार पळून जाई. लहानपणी अशीच मिशी पुसायला ती त्यांच्या सदऱ्याला येऊन तोंड घासायची.

असे बरेच दिवस सुखाने गेले. मग एका सकाळी शेजारच्या गल्लीतली तिची शिंपीण मैत्रीण दारात आली. कडेवर वर्षाचं पोर, हातात किटली.

"काका, तुमच्याच गोठ्यावरून आणलं बरं का," ती खुशीत म्हणाली. "ही म्हणाली, मी रोज कच्चं पिते, बाळ कसं छान वाढतंय. म्हटलं, आमच्या या काडीला पण आजपासून सुरू करू."

लेक कौतुकाने हसली. पोराने किटलीकडे हात केला.

थर्मामीटर गप्प राहिले असते तर त्यांचं घर सुखात राहिलं असतं. पण ते पोर किटलीच्या कडेला तोंड लावू पाहत होतं.

"पाजू नका!" ते एवढ्या जोरात ओरडले की पोर रडायला लागलं. "आधी उकळा. आमच्याकडे... आमच्याकडे कच्चं कोणी पीत नाही. मी तापवून देतो. रोज."

मैत्रिणीने दोघांकडे पाहिलं, "उकळते हो काका," असं पुटपुटली आणि पोराला घेऊन निघून गेली.

लेक जागची हलली नाही. "पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"दुधाचं जाऊ दे, बाबा," ती म्हणाली. "त्या वेळी दवाखान्यात तुम्हा सगळ्यांना कळलं होतं. ठोके थांबलेत हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही माझा हात धरून म्हणालात, सगळं ठीक आहे. संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशी बोलत होते, बाबा. आजही माझ्या भल्यासाठीच का?"

तिने आत जाऊन दार लावून घेतलं. त्यांनी दिवसभर त्या दारापाशी दोनदा पाणी आणि चिरलेली फळं ठेवली. फळं संपली, पण शब्द एकही बाहेर आला नाही. आपल्या मायेने लेकीला दुसऱ्यांदा एकटं पाडलं, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून एकटेच रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सवयीने दूध घेऊन आले, तर ती ओट्यापाशी उभी होती. डोळे सुजलेले. त्यांनी भांडं पाण्यात ठेवलं आणि थर्मामीटर तिच्या हातात दिला. तिने तो दुधात धरला. पारा चढत गेला, ठरल्या जागी येऊन थांबला. सारा वेळ तीच ढवळत राहिली, ते नुसते आच कमी-जास्त करत होते.

दूध गार झालं. त्यांनी पेला भरून तिच्यापुढे धरला. तिने तो लगेच घेतला नाही.

"बाबा, हे काय आहे?"

"तापवलेलं दूध आहे, बाळा."

तिने एक हात पोटावर ठेवला, दुसऱ्या हाताने पेला घेतला आणि सावकाश सगळं दूध प्यायली.