रविवारी पाणी मारणारी

नवी भिंत दिसली की ती आधी तिला तळहात लावायची. अंगात ताप आहे का बघावं तशी क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "वरून झालं बाई. आत व्हायचं हाये अजून."

कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. माझे यजमान रेल्वेत, म्हणून आम्ही छत्तीसगढात चरोद्याला क्वार्टरमध्ये राहत होतो. ती बांधकामावर तराईला होती. तराई म्हणजे नव्या काँक्रीटवर दिवसभर पाणी मारत राहणं. पाणी चुकलं की ते तडकतं, मग रविवार असो की सण असो. ती भंडाऱ्याकडची विधवा, आमच्यासारखीच ख्रिस्ती. जवळपास चर्च नव्हतं, त्यामुळे रविवारी सकाळची उपासना आमच्याच घरी व्हायची.

आली तेव्हा तिचं तोंड फार वाईट होतं. मुकादमाच्या सात पिढ्या ती रोज उद्धरायची. नळावरच्या भांडणात एका बाईच्या डोक्यात तिने घागरही घातली होती. आमच्या बायका म्हणायच्या, हिला आधी दहा आज्ञा पाठ करायला लावा. तिला दोनच्या पुढे जाता आलं नाही. पण वर्षभराने एकदा मी विचारलं, "आता शिव्या बंद का?"

"येतात ना बाई," ती म्हणाली. "पण गळ्यापाशी येऊन बसतात. बाहेर नाही पडत. पोटातून कधी जातील ते त्यालेच माहीत."

पुढे एकदा नळावर तिने त्याच बाईची घागर भरून तिच्या डोक्यावर ठेवून दिली. बाकीच्या म्हणाल्या, "काय वं, सोंग करून राहिली का?" तर ही स्वतःच गोंधळली. "मले नाही समजलं. हात गेला आपसूक."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना शिकवायला जातो आणि ती आपल्यापुढे निघून जातात, आणि तेच आपल्याला सोसत नाही.

मला मात्र सगळं पाठ होतं. चौथीपर्यंतच शिकले, पण वचनं धडाधड म्हणायची. रविवार प्रभूचा, त्या दिवशी काम करायचं नाही, म्हणून चूल पेटवत नसे, शनिवारीच करून ठेवायची. सुई हातात घेत नसे. फक्त चारचौघांत प्रार्थना करता येत नव्हती. माझी पाळी आली की मी पहिल्या ओळीवरच अडायची आणि यजमान पुढची ओळ उचलून घ्यायचे. ती मात्र उठायची आणि म्हणायची, "बापा, मी कच्ची हाये. पाणी मारत राहा." एवढंच. माणसं डोळे पुसायची. मी सतरंजीकडे बघत बसायची. मला वाटायचं, हिला एक स्तोत्र धड येत नाही.

मग ती रविवारी उशिरा यायला लागली. एकदा मागच्या दाराशी येऊन तिने मला कारण सांगितलं. तिच्या शेजारच्या झोपडीत एक छत्तीसगढी पोर राहायची, तीही तराईलाच. दोघींत मिळून रविवारची एक पाळी. "वर्षभर तिनं माझे रविवार केले, म्हणून मी तुमच्या इथं येत होती," ती म्हणाली. "आता ती बाळंतीण हाये. तिचे मी करते. नाही तर मुकादम तिचं नाव कापते."

मी मान हलवली. म्हणजे मला माहीत होतं.

दोन महिन्यांनी पाद्रीसाहेब शनिवारी संध्याकाळी आले. उद्या प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि प्याला घेण्याचं. जेवण झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, मंडळीत कोणाचं वागणं उघड उघड चुकतंय का. मी, जी कधी बोलत नाही, ती बोलले. तिचं नाव घेऊन म्हटलं, "ती रविवारी कामावर जाते."

"पैशासाठी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी ती कामावरून तशीच आली, गुडघ्यापर्यंत ओल्या लुगड्याने. पाद्रीसाहेबांनी तिला हलक्या आवाजात सांगितलं की रविवारचं काम सोडेपर्यंत प्रभुभोजन घेऊ नये. ती "बरं" म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. भाकर तिच्यापुढून गेली, प्याला तिच्यापुढून गेला. बाळंतिणीचं तिने काहीच सांगितलं नाही.

त्यानंतर मला जेवण जाईना. पुढच्या महिन्यात कळलं की ठेकेदार तिला दुसऱ्या कामावर लांब नेतोय. मी धीर करून तिच्या झोपडीवर गेले. ती गाठोडं बांधत होती. उभ्या उभ्याच मी म्हटलं, "पाद्रीसाहेबांना मी सांगितलं होतं. आणि खोटं सांगितलं."

"माहीत हाये," ती म्हणाली. "मी तुमच्या मागं अंगणात होती ना. त्यांच्याच ताटवाट्या घासून राहिली होती."

पाद्रीसाहेब आले की ती भांड्यांना मदतीला यायची, हे मी विसरलेच होते. त्या रात्री भांडी लखलखीत घासून पालथी घातलेली होती. ते मला आठवलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तवा तोंडात शिवीच आली होती बाई. ते तोंड घेऊन काय बोलू? दोन-चार दिवस तुमच्या दारावरूनही नाही गेली. मग निवलं." गाठ आवळत ती म्हणाली, "तुमाले वाईट वाटून राहिलं ना, तर एक काम करा. या रविवारी सकाळी त्या पोरीचं लेकरू सांभाळा, दोन-तीन घंटे. मी नसली तर पाळीवर तिलेच जावं लागते, अन् तिची सासू रविवारी बाजारात बसते. पुढच्या हप्त्यात तिची बहीण येते."

मी हो म्हटलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ राहू दिला.

ती शुक्रवारी गेली. शनिवारी पाद्रीसाहेबांचा निरोप आला, उद्या येतो म्हणून. रविवारी सकाळी मी न्हाऊन तयार झाले. सतरंजी घालायची होती, प्याले पुसायचे होते. माणसं येणार आणि घरची बाई कुठे, असं विचारणार. मग काय सांगायचं, हे मी मनात जुळवत राहिले. तेवढ्यात नऊ वाजले आणि पहिली मंडळी आली.

त्या पोरीने माझी वाट पाहिली. मग लेकरू पाठीशी बांधून ती उशिरा कामावर पोचली आणि मुकादमाने तिचं नाव कापलं. हे मला मंगळवारी नळावर कळलं.

पण त्या रविवारी मला एवढंच माहीत होतं की ती पोर झोपडीच्या दारात उभी असेल. पाद्रीसाहेबांनी विचारलं, "ती तराईवाली दिसत नाही?" यजमान म्हणाले, "गेली ती, दुसऱ्या कामावर." पाद्रीसाहेबांनी वहीत काही लिहून घेतलं. मग भाकर माझ्यापुढे आली, मी घेतली. प्याला आला, तोही घेतला. मला कोणी थांबवलं नाही.