देवापुढची पत्रिका

अप्पांनी पत्रिकेचा नमुना नाकाशी नेला. हुंगला, पुन्हा हुंगला.

"वास तर कायच न्हाई. गाईच्या शेणाचाच कागद हाय ना, पोरी?"

"नाही अप्पा. घोड्याच्या लिदेचा."

त्यांनी नमुना टेबलावर ठेवला आणि बोटं धोतराला पुसली.

अप्पांचं केजला कापडाचं दुकान. मुलाचं लग्न ठरलेलं. पत्रिका आणि रिटर्न गिफ्टच्या डायऱ्या आमच्याकडून घ्यायच्या म्हणून ते आणि काकू चौसाळ्याजवळच्या आमच्या युनिटवर आले होते. युनिट म्हणजे पत्र्याची शेड. वरातीचे घोडे पाळणाऱ्याकडून लीद आणायची, तिचा कागद करायचा, त्याच्या भेटवस्तू विकायच्या. त्या पैशातून उन्हाळ्यात माळावरच्या हरणांच्या पाणवठ्यांवर टँकर जातो. ही ऑर्डर हातची गेली असती तर पाणवठे कोरडे राहिले असते.

मी नंदुरबारकडची, सातवीतच शाळा सुटलेली. युनिट चालवणाऱ्या ताईंनी शिक्षण न विचारता मला काम दिलं, राहायला खोली दिली. आणि माझ्याच एका वाक्यानं गिऱ्हाईक उठायला लागलं होतं. पण खोटं तरी कसं सांगायचं?

अप्पा म्हणाले, "पैली पत्रिका देवाम्होरं ठिवायची असती. शेण चालतंय. लीद कशी ठिवू?"

काकू फिस्सकन हसल्या. "आन् माज्या दारात कशावर बसून आलतात? तवा न्हाई इटाळ झाला?"

"घोडं दारापत्तोर येतं. देवघरात न्हाई येत."

काकूंनी नमुना उचलून उजेडात धरला.

ताई म्हणाल्या, "शेणाचा करून बघू. आठवड्यानं या."

"बगा. न्हाईतर साध्या छापून घिऊ."

आपण लीदच का वापरतो, हा प्रश्न तोवर मला पडलाच नव्हता. ताईंनी सांगितलं, गाय रवंथ करते, घोडा करत नाही. मी दोन्ही धुऊन, उकळून तळहातावर घेतलं. लिदेत गवताचे लांब धागे होते. शेणात नुसता भुसा. कागद धरून ठेवतात ते हे धागेच. मला गंमतच वाटली. इतके दिवस लीद धुतली, पण घोडा खातो कसा, हे कधी मनात आलं नव्हतं.

तरी शेणाचा लगदा जाळीवर उचलला, दाबला, वाळवला. कागद दिसायला देखणा, पिवळसर. पण घडी घातली की मोडायचा, डायरीसाठी दोरा ओवला की फाटायचा. सुती चिंध्या कुटून मिसळल्या तर बळकट होतो, पण त्याला वेळ नव्हता.

आठवड्यानं काकूंना घेऊन अप्पा आले. त्यांनी घडी घातली. कट्.

"ही तर पापडावानी मोडती," म्हणत ते चपला शोधायला लागले.

आमच्या नंदुरबारकडच्या गावात लग्नाच्या पत्रिका छापत नाहीत, घरोघर जाऊन सांगतात. म्हणून मला खरंच माहीत नव्हतं. मी विचारलं, "अप्पा, देवापुढं पत्रिका घडी घालून ठेवतात का हो?"

काकूच म्हणाल्या, "न्हाई गं. उगडीच ठिवत्यात. हळद-कुकू लावून."

अप्पा दारात थांबले. मोडलेला कागद वळून पाहिला.

"म्हंजी देवाला घडीच नगं." मग ताईंकडे बघून, "देवाची तेवडी शेणाची करा, बिनघडीची. बाकी समद्या लिदेच्या."

"पण कागद कशाचा, ते मागं छापणार," ताई म्हणाल्या.

"छापा की! पावणे कुटं देवघरात ठिवत्यात? खुट्टीला अडकिवत्यात."

ऑर्डर वेळेत गेली. लग्नात लोकांनी डायऱ्या आधी हुंगल्या, मग पिशवीत टाकल्या. टँकरही गेला. मी मुद्दाम पाणवठ्यावर जाऊन आले. ओल्या कडेला हरणांचे खूर उमटले होते.

आता पत्रिकेसाठी कुणी आलं की रंग आणि डिझाइन मी नंतर विचारते. पहिली पत्रिका कुठं जाणार, ते आधी.