मालूचा मुराळी

अक्षय्य तृतीयेची आखाजी जवळ आली की निंबोला गावात दोनच कामं. कडुनिंबाला झोके बांधायचे आणि सासरी दिलेल्या पोरी आणायला मुराळी धाडायचे. मुराळी भाऊ असो, चुलता असो, नाहीच कोणी तर घरचा गडी. पण माहेरचं माणूस दारात उभं राहिल्याशिवाय पोरीचा पाय सासरच्या उंबऱ्याबाहेर पडत नाही. गिरधर पाटलाच्या मालूला जन्मात एवढंच हवं होतं, की कोणीतरी आपल्याला न्यायला यावं. पण आणायचं तर पोर आधी द्यावी लागते, आणि मालूला कोणी मागितलंच नव्हतं.

बारा वर्षांची असताना मायने तिला न्हाऊ घालताना पाहिलं, तर पाठीचा उजवा खवाटा सुपाच्या पाठीसारखा वर आलेला. "म्याच इच्या एका कमरेवर घागर देली व माय!" म्हणून मायने कपाळ बडवून घेतलं. तेल चोळलं, वाळू गरम करून शेकलं. खवाटा ढिम्म हलला नाही. इंग्रजांचा अंमल होता, बऱ्हाणपुरात मिशनचा दवाखाना होता. गिरधरने पोर गाडीत घातली.

डॉक्टरीणबाईने मालूला पुढे वाकवलं आणि मणक्यावरून बोट फिरवलं. बोट नदीसारखं वळत गेलं.

"घागरीचा दोष नाही," ती म्हणाली. "काही पोरींची पाठ वाढत्या वयात अशी वळते. कापाकापी नको. चामड्याचं जाकीट घालायचं, रोज लोंबकळायचं. सरळ होईल असं मी म्हणत नाही. आणखी वाकू नये म्हणून हे. अंगाची वाढ थांबेतोवर."

जाकीट शिवलं बऱ्हाणपुरातल्याच लोधीपुऱ्याच्या अनंत जीनगराने. घोड्यांची खोगिरं करणारा माणूस. माप त्याच्या बायकोने घेतलं. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत बसला. लोखंडाच्या पट्ट्या, मागे नाड्या. गावात आल्यावर शेजारचा कडू म्हणाला, "गिरधर, पोरीले खोगीर चढवलं, आता लगाम बी घाल."

"घालतो ना, तुह्या तोंडाले," गिरधर म्हणाला.

रोज सकाळी जाकीट सोडायचं. निंबाच्या फांदीला जुनं जू टांगलं होतं, त्याला धरून मालू लोंबकळायची आणि दबलेल्या बाजूने श्वास भरायची. मग आंघोळ आणि पुन्हा जाकीट. वैशाखात आत घामोळ्यांचं रान माजायचं. ते ती सोसायची. सोसायचं नाही ते एकच. आखाजीला शाहपूरहून थोरली बहीण मनकर्णा यायची, गळ्यात पडायची.

"अवं, तू त पेटीसारखी लागते!"

पाठीवर बहिणीच्या बांगड्या वाजायच्या, हात मात्र लागायचा नाही.

लग्नाचं कोणी बोललं की गिरधर म्हणायचा, "हाडं भरू द्या, मंग पाहू." हाडं भरली. पाठ होती तिथेच थांबली. चोळी एका खांद्यावर जराशी चढते, एवढंच. डॉक्टरीणबाई खूश झाली. पण तोवर मालूच्या वयाच्या पोरींच्या कडेवर पोरं आली होती, आणि जाकीट उतरलं तरी गावोगाव गेलेली त्याची बातमी उतरली नाही.

मालू दवाखान्यात कामाला राहिली, दुसऱ्या पोरींच्या नाड्या आवळायला. लोधीपुऱ्यात खोली घेतली. आखाजीच्या आधी मुराळ्यांच्या गाड्या त्या गल्लीतून जायच्या. मालू हातात झाडू घेऊन दारात उभी राहायची. दार केव्हाच झाडून झालेलं असायचं.

एका वर्षी गाडी तिच्याच दारात थांबली. भाऊ होता, लीलाधर.

"मले न्यायले आला, भाऊ?"

"दोर घ्यायले आलो. झोक्याचा दोर कुजला." पाणी पिऊन त्याने तोंड पुसलं. "चाल की तू बी. गाडी खालीच चालली."

"खाली हाये म्हून मले भरतं? मी काय ढेपीचं पोतं हाये?"

"मंग काय करू व?"

"मुराळी पाह्यजे मले."

लीलाधर हसला. "अवं, मुराळी सासरी धाडतात. तुह्यं सासर कुठी हाये?"

बोलून गेला, आणि बैलाची मान खाजवत उभा राहिला. मालूने तांब्या उचलला आणि आत गेली. गाडी हलली. कोपऱ्यापर्यंत चाकांचा आवाज आला, मग थांबला.

बऱ्याच वेळाने चाकं उलटी वाजली. लीलाधरने जोडे काढले, पागोटं नीट केलं, आणि शेजारच्या चार दारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मालू! बाबानं धाडलं. आखाजीले न्यायले आलो!"

बाबाने धाडलं नव्हतं. दोघांनाही ठाऊक होतं.

"बसा पाव्हणे," आतून मालू म्हणाली. "पाहतो आमी, धाडाचं का नाही ते."

एक लुगडं, एक चोळी. गाठोडं केव्हाच बांधून झालं. सासरचे मुराळ्याला ताटकळत ठेवतातच. मनकर्णाला आणायला गेलेला लीलाधर शाहपुरात अर्धा दिवस ओट्यावर बसला होता. मालू गाठोड्याशेजारी खाटेवर टेकली. बाहेर लीलाधर खाकरला, बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या. ती उठली नाही. त्याने तिथे आणखी जरा वेळ उभं राहावं, असं तिला वाटत होतं.