पायाळू

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं नाही, पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसाची लाथ पाठीला लागली की भरलेली उसण उतरते, असं आमच्या मालवणकडे सगळेच मानत. त्यामुळे शाळकरी वयातच गावातल्या निम्म्या थोरामोठ्यांना मी लाथा मारून चुकले होते आणि वर शाबासकीही मिळवली होती.

समुद्रातून रापणीचं भलंमोठं जाळं ओढून कंबर धरलेले गडी आमच्या घरापुढच्या खळ्यात यायचे आणि मुकाट पालथे पडायचे. "हळू मार गो बाय," म्हणायचे. मी परकर आवरून पाय लावायची. ते कण्हत उठायचे आणि बांगडे ठेवून जायचे. आभाळ गडगडू लागलं की पायाळूवर वीज पडते म्हणून मला घरात घेत. माझ्या तिन्ही बहिणी शेतात भाताचा तरवा लावत भिजायच्या. त्या माझ्यावर जळायच्या, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं.

बाबांचं तर विचारूच नका. पाहुणा आला की मला पुढे करायचे, "ह्यां आमचा पायाळू!" चौथी मुलगी, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आपण जन्मलो हे घराचं भाग्यच, अशा तोऱ्यात मी वाढले.

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. मुलगी झाली. सासूबाईंना मुलगाच हवा होता, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं होतं. आता त्या बारशाला येणार होत्या. मला शेक देता देता आई म्हणाली, "त्यांका सांगूया, पायाळू आसा म्हणान."

"पण ह्यां डोक्यान इला."

"तू तरी खंय पायान इल्लंस?"

मी शेक सोडून उठून बसले.

"चौथा चेडू म्हटल्यार तुझो बापूस उठान बाहेर गेलो. तोंड बघूक येयना. माका काय सुचता? सुईणीक म्हटलंय, जा, सांग त्यांका, पायाळू इला. तसो धावत इलो."

मला राग यायला हवा होता. आलं ते हसू, पोट दुखेपर्यंत. एवढ्या पाठी माझ्या साध्यासुध्या पायाने बऱ्या झाल्या होत्या! मग रडूही आलं. मला एकदा जन्म देऊन आईचं भागलं नव्हतं. बाबांसाठी तिला मला पुन्हा जन्माला घालावं लागलं होतं.

बारशाच्या दिवशी सासूबाई आल्या, टेकल्या. "कसा काय झाला सगळा?" त्यांनी विचारलं. आई माझ्याकडे बघू लागली.

"सगळी येतत तसाच इला, डोक्यान," मी म्हटलं. "चेडू आसा. घेवा."

आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग त्यांनी तिला दाराच्या उजेडाकडे वळवलं. "नाक आमच्याकडचा आसा," त्या म्हणाल्या, आणि जेवणाची पानं मांडली तरी त्यांनी तिला खाली ठेवलं नाही.