मूठभर बावची, शिरूर ते दौंड

"तोंडाला काय लावतो ते चारचौघांत सांगू नये," असं आई म्हणाली होती. मी तेव्हा शाळेत होते. शेजारच्या काकूंनी सहज विचारलं आणि मी सांगून टाकलं की आई रात्री सहाणेवर दुधात ज्येष्ठमध उगाळून गालांना लावते. काकू गेल्यावर आई रागावली वगैरे नाही. एवढं एकच वाक्य बोलली आणि सहाण कपाटात मागे सरकवून ठेवली.

आईच्या गालांवर वांग होते. तिशीत माझ्याही गालांवर आले, तेच काळपट डाग, त्याच जागी. पण माझ्या वेळेपर्यंत सहाणेपेक्षा झटपट गोष्ट मिळायला लागली होती. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ट्यूब आणायची, रात्री लावायची, महिनाभरात गाल स्वच्छ. तिच्यात हायड्रोक्विनोन, रेटिनॉलच्या जातीचं औषध आणि स्टिरॉइड आहे हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं. मी ती जवळजवळ पंधरा वर्षं लावली. या पावसाळ्यात गालांवर लाल शिरा दिसायला लागल्या, गॅससमोर उभं राहिलं तरी चेहरा पेटायचा. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब हळूहळू बंद करायला लावली. बंद झाल्यावर डाग परत आले, आधीपेक्षा गडद.

आता मी जे लावते ते त्यांना दाखवून आणलेलं आहे. हायड्रोक्विनोनच्या जागी ज्येष्ठमधाचा अर्क, आणि रेटिनॉलच्या जातीच्या औषधाऐवजी बावचीच्या बियांतून काढलेलं बाकुचिओल. सावकाश चालतं. डाग अजून आहेत तिथेच आहेत. बाटलीवर एक जांभळं फूल छापलंय. ते झाड आपण कधी पाहिलेलं नाही, असं एका रविवारी दुपारी चहा पिताना वाटलं. एकटीसाठी चहा करायला सुरुवात केल्यापासून असं बरंच काही वाटत असतं. तेवढ्यात आपल्या एका वाचक मैत्रिणीने कळवलं की शिरूरच्या पुढे तिच्या ओळखीतले एक शेतकरी एका कंपनीसाठी बावची लावतात. दौंडला माझी धाकटी बहीण वैशू राहते. तिच्या मुलीचं, ऋतूचं लग्न ठरलंय. म्हटलं शिरूरला बावची बघू, तिथून दौंडला मुक्काम करू आणि रेल्वेने परत येऊ. (या लेखातली माणसांची नावं बदलली आहेत आणि काही गावांची नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत. का ते पुढे कळेल.)

पुण्याहून शिरूरची एसटी सकाळी लवकरची पकडा. वाघोलीत अडकलात तर शिक्रापूर येईपर्यंत ऊन डोक्यावर येतं. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे माझ्यासारखीला खिडकीची जागा मिळणं एवढाच काय तो प्रश्न. शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत गाडी बराच वेळ उभी राहिली. तिथे कारखान्याच्या गणवेशातल्या दोन मुली चढल्या आणि माझ्या पुढच्या बाकावर बसल्या. एक पर्समधून सनस्क्रीन काढून लावत होती.

"अगं, पॅकिंगला असतीस तू. तिथं कुठला सूर्य येतोय?" दुसरी म्हणाली.

"ट्यूबलाइटनं पण काळवंडतं म्हणं."

"मग लाइट बंद करून पॅक कर. सुपरवायझर पण दिसायचा न्हाई."

दोघी हसत सुटल्या, मलाही हसू आलं. पुढे झुकून त्यांच्यात सामील व्हावं असं वाटलं, पण तोवर त्यांनी एकच इअरफोन वाटून घेतला होता. त्या रांजणगावला उतरल्या.

शिरूर स्टँडसमोर मिसळ चांगली मिळते, तर्री वेगळी मागा. घोडनदीचा पूल ओलांडला की पलीकडे नगर जिल्हा सुरू होतो. आपल्याला मात्र पूल ओलांडायचा नाही, न्हावऱ्याच्या रस्त्याला लागायचं. स्टँडच्या बाहेर वडापच्या, माणसं भरली की सुटणाऱ्या जीप उभ्या असतात. ऊस, कांद्याची रोपं, मधेच एखादं शेततळं, आणि मग एका वस्तीच्या फाट्यावर ते बावचीवाले शेतकरी, आप्पा, मोटारसायकल घेऊन उभे होते. पांढरा सदरा, मफलर, सत्तरीचे असतील. मागे बसा म्हणाले आणि थेट शेतावर नेलं.

बावची पाहून पहिल्यांदा निराशा होते हे सांगून ठेवते. कमरेएवढी झुडपं, गोल पानं, पानांवर काळे ठिपके, दुरून रानगवतच वाटतं. जवळ गेलं की जांभळी फुलं दिसतात, इतकी बारीक की बाटलीवरचं चित्र कुणी प्रेमात पडून काढलं असावं. फुलं आणि काळ्या झालेल्या शेंगा एकाच झुडपावर होत्या. बी एकदम पिकत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा हातानं तोडे करावे लागतात. आप्पांच्या घरच्या काकू तोडायलाच लागल्या होत्या. अंगात आप्पांचा जुना शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, डोक्याला फडकं. मी एक शेंग चुरडली तर बोटं चिकट झाली, उग्र वास आला. काकूंनी लगेच पाण्याची बाटली पुढे केली आणि हात धुवायला लावला. याचा चीक लागून उन्हात बसलं की कातडी भाजते, डाग पडतात, म्हणाल्या. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. बाटलीतलं बाकुचिओल वेगळं काढून शुद्ध केलेलं असतं. कच्च्या बिया किंवा त्यांचं तेल घरी चेहऱ्याला लावायच्या भानगडीत पडू नका.

बांधावर बसून आम्ही भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा खाल्ला. काकू माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. लपवून बघत नव्हत्या, तिकडे तशी पद्धतच नाही.

"ताई, रागावू नका, पण तुमचं काळं हाय," त्या म्हणाल्या. "ही बावची कोडाची. पांढऱ्याला काळं करती. तुमाला तर उलटं पायजे."

मी समजावून सांगितलं. कंपनी या बियांतून एकच द्रव्य वेगळं काढते, ते सुरकुत्यांना, त्वचा नितळ व्हायला वापरतात, डागांसाठी मी दुसरं लावते, हे झाड मला नुसतं बघायचं होतं. काकूंनी मान हलवली.

"बघायला पुण्यास्नं आलात?"

"हो."

"एकट्याच?"

"हो."

आप्पा म्हणाले, कंपनीचा माणूससुद्धा गाडीतून उतरत नाही, ताई आल्या ते बरंच झालं. मग मी मूठभर बिया मागितल्या. कशाला, तर घरी ठेवायला, बाटलीशेजारी. काकूंनी कागदात बांधून दिल्या, पण गाठ मारताना पुन्हा माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आता आठवलं की वाटतं, ज्या बाईला काही दुखणं नाही ती बिया कशाला नेईल, हा त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता. मी जितकं समजावलं तितकं ते पांघरूण घातल्यासारखं दिसलं असणार.

पुढे कुठं, म्हणून त्यांनी विचारलं. मी आनंदाने सांगितलं की दौंडला बहिणीकडे, भाचीचं लग्न ठरलंय.

"कुणाच्यात दिली?"

या भागात हा प्रश्न पाणी विचारावं तसा विचारतात. गाव सांगायचं, मग आडनाव, मग समोरचा कुठलीतरी सोयरीक शोधून काढतो आणि आपण एकमेकांचे कुणीतरी निघतो. मला ते फार आवडतं. शहरात मला कुणी कुणाचं काढत नाही. मी मुलाचं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. काकूंचे डोळे चमकले. ते तर त्यांच्या धाकट्या जावेचं माहेर. म्हणजे नवरदेव जावेचा भाचा. मला इतकं बरं वाटलं की मी मोबाइलवर साखरपुड्याचे फोटोही दाखवले. ऋतूचा एक फोटो काकूंनी दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. गोड आहे पोरगी, म्हणाल्या. गळ्याकडचा भाग त्या जास्त बघत होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

न्हावऱ्याहून चौफुल्याला जाणारी जीप मिळाली. पारगावचा भीमेवरचा पूल संध्याकाळच्या उन्हात सुंदर दिसतो, थांबता आलं तर थांबा. त्या पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत, सगळ्या रस्त्याला गुळाचा वास. मी वैशूसाठी ताज्या गुळाची ढेप घेतली. चौफुल्याहून पाटस करत दौंड, आणि स्टेशनपासून चालत वैशूचं घर. तिचे यजमान संजयराव रेल्वेत आहेत.

वैशूने दार उघडलं, पिशवी हातातून घेतली. पिठलं, भात, वर तूप, लहानपणी मला आवडायचं तसं. जेवण होईपर्यंत ती वाढत राहिली. मग ऋतूला शेजारी ब्लाउजचं माप द्यायला पाठवलं आणि माझ्यासमोर बसली.

फोन माझ्याआधी पोचला होता. काकूंनी जावेला सांगितलं, जावेने माहेरी. नवरदेवाच्या आईने वैशूला विचारलं होतं, तुमच्या थोरल्या बहिणीने बावची कुणासाठी नेली? तुमच्या घराण्यात कुणाला कोड आहे का? वैशूने सांगितलं, ताईला नुसते वांग आहेत. त्यावर त्या म्हणाल्या, वांगाला कोण बावची लावतं हो?

कोड ना शिवल्याने होतं, ना त्यात कुणाचं काही वाकडं होतं, हे मी बोलायला लागले. वैशूने हात वर केला.

"ताई, मला माहितीय गं. त्यांना सांगशील का तू?"

मी फोन करते म्हटलं. नको म्हणाली, तू जितकं सांगशील तितकं वाढेल. संजयराव उद्या जाऊन येणार होते, ऋतूच्या डॉक्टरचा कागद घेऊन. एका निरोगी मुलीला ती निरोगी असल्याचा कागद न्यावा लागणार, माझ्या एका हौसेपायी. मी ताटाच्या कडेवरची भाताची शितं बोटाने गोळा करत राहिले.

मग वैशू उठली, आतून एक ट्यूब घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. तीच. तोच गुलाबी पट्टा.

"लग्नापर्यंत एवढी लाव. चेहरा स्वच्छ घेऊन ये, म्हणजे कुणी काही विचारणारच नाही. डाग असेच राहिले तर मात्र... हळदीला नको येऊस. तिकडच्या सगळ्या बायका असणार."

"ही तुझ्याकडे कशी?"

"ऋतूची आहे. पार्लरवाल्या ताईंनी दिली, लग्नाआधी ग्लो येतो म्हणून."

डॉक्टर काय म्हणाले ते मी सगळं सांगितलं, शिरा दाखवल्या. ती दिव्याखाली वाकून माझा गाल नीट बघत होती, आणि एक क्षण मला वाटलं की ती त्याला हात लावणार. "पंधरा वर्षं लावलीसच की," ती हळूच म्हणाली, "आणखी तीन महिने माझ्यासाठी." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. घाबरलेल्या आईचा आवाज होता. मला तो आवाज ओळखता येतो, आमच्या घरातलाच आहे.

सकाळी ऋतू स्टेशनवर सोडायला आली. दौंड-पुणे गाड्या दिवसभर असतात, तिकीट अगदी किरकोळ, फक्त ऑफिसच्या वेळा टाळा. फलाटावर मी तिला म्हटलं की तुझी ट्यूब मी माझ्या पिशवीत घातलीय, पण नुसती लपवून उपयोग नाही, एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. ती माझ्या खांद्याला डोकं टेकवून म्हणाली, "मावशी, लग्नानंतर बंद करते ना. प्रॉमिस." गाडी सुटली तेव्हा ती मोबाइलमध्ये स्वतःचा चेहरा बघत केस सारखे करत होती. कातडी अजून इतकी छान आहे तिची.

ही सहल ज्यांना करायची असेल त्यांच्यासाठी: एका दिवसात होते, मुक्कामाची गरज नाही. फुलं बघायची तर दिवाळीच्या आसपास जा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, शेतात हात धुवायला पाणी जवळ ठेवा. माणसं जेवल्याशिवाय सोडत नाहीत. काय लावता, कुणाला भेटायला चाललात, हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आई असती तर तिने ठरवून दिलं असतं.

संजयराव जाऊन आले. लग्न मोडलेलं नाही. वैशूने फोनवर एवढंच सांगितलं आणि गूळ छान आहे म्हणाली.

बिया टेबलावर बाटलीशेजारी आहेत. ट्यूब खणात आहे, उघडलेली नाही, पण कचऱ्यातही टाकलेली नाही. दोन-तीनदा खण ओढून पाहिली. महिनाभर लावली की मी ऋतूच्या हळदीत असेन, पिवळ्या हातांच्या बायकांच्या मधोमध, आणि कुणी दोन बोटांनी माझा चेहरा मोठा करून बघणार नाही. रोज सकाळी आरशात बघते. ज्येष्ठमध आणि बावची आपल्या चालीने चालली आहेत, त्यांना लग्नाची तारीख माहीत नाही.

काल रात्री वैशूला निरोप लिहिला. उत्तर काय येणार ते मला ठाऊक आहे, तिच्या जागी असते तर मीही तेच दिलं असतं. तरी पाठवला.

"वैशू, ट्यूब मी लावणार नाही. पण हळदीला येऊ दे. आहे त्या तोंडाने येईन, मागे भिंतीशी बसेन, फोटोत येणार नाही. कुणी विचारलंच तर सांग, ही माझी थोरली बहीण."